कोरफड दर पावसाळ्यात कुजते : कोकणात कुंडीतली कोरफड कशी टिकवायची?

खाडीकाठ | २४ मे, सकाळी ९:१२
घर खाडीच्या तोंडाशी, कौलारू, पुढे पडवी, पश्चिमेचा वारा थेट अंगावर. कोरफड आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत, अंगणात पागोळीपासून हातभर अंतरावर. माती अंगणातलीच तांबडी आणि त्यात मूठभर शेणखत. आषाढ सरेपर्यंत तळची पानं पिवळी पडतात, मग पाणचट होतात आणि एक दिवस अख्खं झाड हातात येतं. मिरग दोन आठवड्यांवर आलाय. आत्ता काय बदलायचं, माती, कुंडी की जागा?
दुसरं म्हणजे पानांची टोकं करपलेली आहेत आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरा थर बसलाय. तो कशाचा?

वेंगुर्ल्याचो | २४ मे, सकाळी ९:४०
आधी कुंडीचा भोक बघा. आणि पावसात कोरफडीक पाणी घालूचा नाय, इतक्याच ध्यानात ठेवा. बाकीचा हे लोक सांगतीलच.

सड्यावरचा | २४ मे, सकाळी १०:२५
तिन्ही बदला, पण पहिली जागा.
कोरफड मूळची अरबस्तानातल्या खडकाळ, कोरड्या डोंगरउतारांवरची. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर हवा इतकी दमट की उघडीप पडली तरी कुंडीतली माती सुकत नाही. आपल्याकडे कोरफड तहानेने फारशी मरत नाही, मुळांना हवा न मिळाल्याने मरते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मेलेल्या मुळावर बुरशी चढते. पान पिवळं दिसतं तोवर खालचं काम उरकलेलं असतं, म्हणून पान बघून उपाय सुरू केला की उशीरच होतो.
पागोळीपासून हातभर म्हणजे सगळ्यात वाईट जागा. वरून पाऊस, बाजूने पागोळीचे उडणारे थेंब आणि त्याबरोबर पानांच्या बेचक्यात जाऊन बसणारी माती. कुंडी पडवीत घ्या, पण भिंतीला चिकटवून नको. झड पश्चिमेकडून येते, तेव्हा पूर्वेची किंवा दक्षिणेची पडवी असेल तर उत्तम. नसेल तर पडवीच्या आतल्या तिसऱ्या भागात ठेवा, जिथे लादी झडीने ओली होत नाही. कुंडी थेट जमिनीवर नको. दोन चिरे चार बोटं अंतरावर मांडून त्यांवर ठेवा, म्हणजे भोक मोकळं राहतं.
पांढरा थर क्षारांचा. विहिरीचं पाणी घालता ना? एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

खाडीकाठ | २४ मे, दुपारी १:०५
हो, विहिरीचंच. चव बदललेली कळते. माती कशी करायची ते मापासकट सांगाल का? रेतीसाठी किनाऱ्यावरची वाळू धुवून चालेल? ती हाताशी आहे.

गडगा | २४ मे, दुपारी ३:३०
किनाऱ्यावरची वाळू नको. मीठ चार-पाच पाण्यांत धुऊन जातं, अडचण ती नाही. ती वाळू बारीक असते आणि सगळे कण एकाच मापाचे असतात. ते एकमेकांना लागून घट्ट बसतात आणि मधे हवा राहत नाही. शिवाय शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने माती हळूहळू चुनखडी होते. नदीची जाड रेती घ्या. मैद्याच्या चाळणीतून गाळा. खाली पडेल ती टाकून द्या, चाळणीवर राहील ती ठेवा.
दहा इंची कुंडीत साधारण आठ लिटर मिश्रण मावतं. लिटरभराचा डबा मापाला घेतलात तर जाड रेती तीन डबे, जांभ्याची किंवा विटेची वाटाण्याएवढी खडी दोन डबे, अंगणातली चाळलेली तांबडी माती दोन डबे, वर्षभर मुरलेलं शेणखत एक डबा. आठ इंची कुंडीला बरोबर याच्या निम्मं.
खडीबद्दल एक. चिरेखाणीवरून आणलेला माल तसाच ओतू नका. त्यातली भुकटी चिकणमातीसारखी वागते, ओली झाली की लिंपल्यासारखी बसते. खडी पाण्यात घोळवून गढूळ पाणी ओतून द्या, दोन-तीनदा. मंगलोरी कौलाचे तुकडे फोडून घेतले तरी तेवढंच काम होतं आणि पावसाळ्याआधी कौलं शाकारताना फुटकी मिळतातच.
ताजं शेण घालू नका, हुमणी येते. मिश्रण जमलं की नाही ते बघायला कोरडं मिश्रण मुठीत घ्या, थोडं ओलं करून दाबा, मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर माती जास्त झाली. बोट लावताच विस्कटला तर ठीक.

परसूवाली | २४ मे, सायं. ५:१८
कोकोपीटचं, म्हणजे काथ्याच्या भुशाचं, कोणी बोललं नाही. नर्सरीतलं रोप बहुतेक वेळा त्यातच येतं. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. देशावर ते उपयोगी, कारण तिथे कुंडी दोन दिवसांत सुकते. आपल्याकडे जुलैत भिजलेलं कोकोपीट गणपतीपर्यंत ओलं. नवं रोप आणलं की मुळांभोवतीचा तो गोळा हलक्या हाताने सोडवून काढून टाका. गुंतलेला असेल तर पाण्याच्या भांड्यात हलवून सुटा करा आणि मुळं सावलीत दोन दिवस सुकवून मगच लावा.
तसंच नारळाच्या सोडणांचे तुकडे कुंडीच्या तळाशी घालायची पद्धत आहे, ती अबोलीला, जास्वंदीला ठीक. कोरफडीला नको. तेही स्पंजच.

गडगा | २४ मे, सायं. ६:०२
बरोबर. त्याला जोडून एक वादाचा मुद्दा काढतो. तळाशी खडीचा थर घातला की निचरा वाढतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात लगेच उतरत नाही, माती पुरती भरली की मगच गळतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा नेहमीच राहतो, तो खडीच्या थरामुळे वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी घालायची तर ती सगळ्या मिश्रणात मिसळून. भोकावर कौलाचा एक वाकडा तुकडा उपडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

आगरवाली | २४ मे, रात्री ८:४७
थराबद्दल पटलं नव्हतं, म्हणून सोपी चाचणी सुचवते, कोणीही करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळायचा थांबला की खाली खडे लावा. आणखी गळत नाही. तोच स्पंज उभा धरा, लगेच पुन्हा गळतो. म्हणजे उंची वाढली की पाणी सुटतं.
यावरून कुंडीचं माप ठरतं. अगदी पसरट परळासारखी कुंडी आपल्या हवेत ओलीच राहते. फार खोलही नको, कोरफडीची मुळं वरच्या सहा-आठ इंचांत आडवी पसरतात आणि खालची माती उगाच भिजून राहते. रुंदीएवढीच खोली असलेली मातीची कुंडी घ्या. रोपाच्या पानांचा घेर जेवढा, त्याहून दोन बोटं लहान कुंडी चालते, मोठी नको. भोक एकच आणि बोटभर असेल तर बाजूने तळाजवळ आणखी दोन पाडून घ्या. मातीच्या कुंडीला गिरमिटाने, पाणी शिंपडत, हळूहळू. हातोड्याने ठोकलीत तर तडा जातो.

खाडीकाठ | २५ मे, सकाळी ८:१५
दहा इंची मातीची कुंडी आणतो. पण मिरगाच्या तोंडावर कुंडी बदलणं बरोबर का? मुळं तुटतील.

सड्यावरचा | २५ मे, सकाळी ९:००
आजच्या आज केलंत तर चालेल, जूनमध्ये नको. तुटलेल्या मुळाची जखम कोरडी व्हायला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढी कोरडी हवा आता मिळेल. झाड काढायच्या आधी आठवडाभर पाणी बंद ठेवलेलं असतं तर बरं, नसेल तर काढून झटका, जुनी माती दोन-तृतीयांश तरी सोडवा. काळी, पोकळ, बोटात धरून ओढली की साल निघून हाती दोरा राहणारी मुळं मेलेली, ती कापा. पांढरट-पिवळसर आणि टणक ती जिवंत. झाड उघड्या मुळांनी सावलीत वाऱ्यावर चार दिवस पडू द्या. कोरफड आहे, काही होत नाही. दाराला उलटी टांगलेली कोरफड मातीपाण्याशिवाय महिनोन्‌महिने हिरवी राहते ती पानांतल्या साठ्यावर.
मग कोरड्या मिश्रणात लावा. सगळ्यात खालच्या पानाचा देठ मातीच्या वर राहिला पाहिजे. देठ पुरला की तिथूनच कुज चढते. झाड डुलत असेल तर भोवती तीन खडे लावून आधार द्या, पण खोल पुरू नका. पहिलं पाणी सहा-सात दिवसांनी, तेही पाऊस सुरू झाला नसेल तर. सुरू झाला असेल तर हवेतल्या दमटपणावर सोडा.

परसूवाली | २५ मे, सकाळी ११:३४
मचूळ पाण्याचं राहून गेलं. नवी माती घालताय म्हणून आत्ता प्रश्न सुटेल, पुढच्या वर्षी एप्रिलात पुन्हा येईल. कुंडीच्या मापाच्या तिप्पट गोडं पाणी, म्हणजे दहा इंचीला पंचवीस लिटरच्या आसपास, सकाळच्या वेळी सावकाश एकामागून एक ओतायचं आणि तळातून वाहू द्यायचं. विरघळलेले क्षार त्याबरोबर जातात. हे फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये करा, दुसऱ्याच दिवशी चांगलं ऊन मिळेल अशा बेताने. पावसात नाही. कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर काढा, वाहून आलेलं मीठ तिथून परत वर चढतं.
पानांवर खारा वारा लागतो त्याची फार चिंता नको. पान जाड, वर मेणाचा थर, त्यामुळे कोरफड खारी हवा बऱ्यापैकी सोसते. मुळाशी साठलेलं मीठ मात्र सोसत नाही. मासे धुतलेलं पाणीही त्याच कारणाने नको. नारळाला घाला.

दारातली_तुळस | २५ मे, दुपारी ४:१०
आमच्याकडे कोरफड म्हणून आहे तिचं पान कापलं की आत गर नाही, दोरेच दोरे. टोकाला सुईसारखा काटा. हीच का ही?

वेंगुर्ल्याचो | २५ मे, दुपारी ४:२२
ता घायपात!

मिरगाचा_किडा | २५ मे, सायं. ५:५०
घायपातच. गडग्याला कुंपण म्हणून लावतात. रस अंगाला लावू नका, खाज आणि फोड येतात. ओळख सोपी आहे. कोरफडीचं पान दाबलं तर दबतं, कापलं की कडेने पिवळा चीक आणि मधे पाण्यासारखा पारदर्शक गर, कडेचे काटे मऊ. घायपात एकदा फुललं की मरतं. कोरफड दर थंडीत पिवळ्या नळीसारख्या फुलांचा तुरा काढते आणि जगते. शिंजीर पक्षी येतात त्या तुऱ्यावर, वाळेपर्यंत ठेवा.
आणखी एक जात नर्सरीत 'अ‍ॅलो' म्हणूनच मिळते. पानांवर ठळक पांढरे ठिपके, फुलं शेंदरी आणि तुरा वर छत्रीसारखा सपाट. ती शोभेची. पण नुसत्या ठिपक्यांवरून ठरवू नका, खऱ्या कोरफडीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांनाही लहानपणी ठिपके असतात.

खाडीकाठ | २६ मे, सकाळी ७:५५
काल झाड काढलं. मुळांवर आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे. बुरशी का?

मिरगाचा_किडा | २६ मे, सकाळी ९:२०
काडीने चिरडून बघा. गुलाबी-नारिंगी ओल आली तर पिठ्या ढेकूण. बुरशी चिरडत नाही, नुसती पुसली जाते. कुंडीवर मुंग्यांची रांग असते का? मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून मुंग्या दिसल्या की आधी पानांची बेचकी उघडून बघायची.
झाड बाहेर काढलेलंच आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून, पिळून, प्रत्येक बेचक्यात फिरवा. आतल्या कोवळ्या पानांपाशी उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून. जुनी माती फेका, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. सुकवायचे चार दिवस आहेत ते सहा करा.
पुढे दर आठ दिवसांनी तीनदा फवारा. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक मिली भांड्यांचा द्रव साबण. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग थोडं थोडं पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि फवाऱ्यातून नुसतं पाणी येतं. ऊन उतरल्यावरच मारा. उन्हात तेलाने पान भाजतं आणि तो डाग शेवटपर्यंत राहतो.

आगरवाली | २६ मे, सकाळी १०:०५
सुपारीवर कोळे रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतात तेव्हा उरलेलं कोरफडीवर मारायचा मोह होतो. नको. निळसर डाग राहतात आणि ते पान पोटात किंवा अंगाला वापरायच्या कामाचं उरत नाही.

परसूवाली | २६ मे, दुपारी १२:४८
जुलैतली आणखी एक पीडा म्हणजे गोगलगायी. पानाची वरची साल खरवडल्यासारखी दिसते आणि चकचकीत माग. रात्री नऊनंतर विजेरी घेऊन वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ टाकू नका, ते कुंडीतच उतरतं. राखेची रेघ कोरडी असेपर्यंतच अडवते, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास.

खाडीकाठ | २६ मे, रात्री ९:३०
खबरदारी घेऊनही ऐन पावसात कुज लागलीच तर?

आगरवाली | २६ मे, रात्री १०:१५
लागेल तेव्हा थांबू नका. झाड उपटा. खोड तळाकडून धारदार सुरीने चकतीसारखं कापत वर या. कापलेल्या तोंडात मधोमध तपकिरी कडं किंवा ठिपका दिसतोय तोवर आणखी कापा. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसायची, नाहीतर कुज तुम्हीच वर नेता. सगळं तोंड स्वच्छ, फिकट हिरवं-पांढरं दिसलं की थांबा. खालची पानं काढून दोन इंच तरी उघडं खोड ठेवा. कापावर गंधकाची भुकटी किंवा चुलीतली चाळलेली कोरडी राख.
एरवी कापावर खपली धरायला पाच-सहा दिवस पुरतात. पावसाळी हवेत दहा-बारा लागतात. खोड उभं, काप खाली लटकता ठेवून, पंख्याखाली किंवा चूल असेल तर चुलीवरच्या माळ्यावर. खपली बोटाला लाकडासारखी कडक लागली की नुसत्या धुतलेल्या जाड रेतीत टेकवा. पाणी नाही. तीन-चार आठवड्यांनी हलकं ओढून बघा, अडलं की मूळ धरलं.
कापलेल्या तोंडाला घाण वास आणि बुळबुळ असेल तर ती जिवाणूंची कुज. तिला औषध नाही. झाड आणि माती घरापासून लांब टाका, कंपोस्टात नको.
सुटं पान मातीत खोचून रोप येईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. या कोरफडीचं पान कुजतं, रुजत नाही. पिल्लंच लावायची.

गडगा | २७ मे, सकाळी ८:४०
पिल्लं वीतभर उंच आणि चार-पाच पानांची झाली, स्वतःची मुळं दिसली की वेगळी करा. पाणी बंद करून चार दिवसांनी अख्खा गड्डा काढायचा, आईपासून जोडणारा दांडा सुरीने तोडायचा, दोन-तीन दिवस सुकवून चार-पाच इंची कुंडीत. कोरफडीच्या शेतीच्या माहितीत लावणी पावसाळ्यात सांगितलेली असते. ती कमी पावसाच्या मुलखासाठी. किनाऱ्यावर दसरा ते दिवाळी, नाहीतर फेब्रुवारी.

दारातली_तुळस | २७ मे, सकाळी १०:३०
पान कधीपासून कापता येतं? चटका बसला की लावायला.

परसूवाली | २७ मे, दुपारी १२:१५
झाड वर्षाचं झालं आणि दहा-बारा पानं असली की. बाहेरची, तळची पानं आधी, एका वेळी दोन किंवा तीन. मधलं कापू नका. पान देठापाशी खोडाला लागून कापा आणि कापलेलं तोंड खाली करून ग्लासात अर्धा तास उभं ठेवा. पिवळा चीक उतरतो. तोच वाळवला की काळा बोळ. तो जोरदार रेचक असतो, पोटात मुरडा आणतो, म्हणून गर काढताना पिवळी कड खरवडून टाकायची आणि गर धुऊन घ्यायचा. गरोदरपणी पोटात घ्यायची नाहीच. मांजर-कुत्र्याने पान चावलं तर उलट्या-जुलाब होतात, तेव्हा कुंडी त्यांच्या उंचीवर ठेवू नका.
चटक्यावर आधी वीस मिनिटं वाहतं गार पाणी, गर त्यानंतर. फोड आला असेल किंवा कातडी सुटली असेल तर गर लावू नका, दवाखाना गाठा. प्रथमच वापरत असाल तर कोपराच्या आत थोडा लावून दिवसभर थांबा.
कापायची वेळ मार्च-एप्रिल बरी, तेव्हा जखम दोन दिवसांत सुकते. ऐन पावसात कापलेलं तोंड ओलंच राहतं आणि कुज तिथून खोडात उतरते.

खाडीकाठ | २७ मे, रात्री ८:२०
शेवटचं. वर्षभराचं पाणी आणि पावसानंतर बाहेर काढायचं कसं?

सड्यावरचा | २८ मे, सकाळी ७:३०
वार ठरवून पाणी घालू नका. उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काळपट आणि गार लागली तर थांबा. कोरडी निघाली तरी आणखी दोन दिवस थांबा, मग दहा इंची कुंडीला लिटर-सव्वा लिटर, तळातून गळेपर्यंत. मधेमधे वाटीभर देऊ नका, त्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळं वाळतात. या मिश्रणात एप्रिल-मेमध्ये हे साधारण आठवड्याने येतं, थंडीत बारा ते पंधरा दिवसांनी. जून ते सप्टेंबर पडवीत शून्य. पानं आतल्या बाजूला पन्हळीसारखी वळली आणि पातळ झाली तर तहान आहे, तेव्हा ऑगस्टातली एखादी चांगली उघडीप बघून अर्धा लिटर द्या. पान पाणचट, फुगीर आणि मऊ असेल तर ती तहान नव्हे.
पडवीत चार महिने मळभात काढलेल्या झाडाची पानं फिकट आणि लांबट होतात, त्यांना ऑक्टोबरचं ऊन सोसत नाही. एकदम अंगणात ठेवलंत तर दोन दिवसांत तांबूस होतात आणि मग पांढरट डाग पडतात. घटस्थापनेच्या सुमारास सकाळी आठपर्यंतचं ऊन, चार दिवसांनी दहापर्यंत, आणखी चार दिवसांनी बारापर्यंत. दोन आठवड्यांत दिवसभर बाहेर. तेव्हाच मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळा, दुसरी मूठ फेब्रुवारीत, एवढंच खत. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन कातळावरून तापून येतं, त्या दिवसांत वर एक झाप टाका, विरळ विणीचा.

खाडीकाठ | २८ मे, सकाळी ९:०५
ठीक. झाड सहा दिवसांसाठी टांगून ठेवलंय, खडी धुऊन वाळत घातलीय. कुंडीला बाजूने भोकं पाडायला गिरमिट शोधतो.

वेंगुर्ल्याचो | २८ मे, सकाळी ९:११
आधी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सुकी कुंडी फुटता.